पाण्यामुळे फोड येत नाही

नमस्कार. भाजलं की 20 मिनिटं नळाखाली धरा, लेप लावू नका, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन: भाजल्यावर पाणी लावलं की फोड येतो, उन्हाळ्यात 20 मिनिटं नळ सोडून ठेवणं ही चैन आहे, आणि हळद-तूप पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय.

दुसरा मान्य. ‘नळ’ लिहिलं तिथेच चुकलं. येवला-सिन्नरकडे टँकरची वाट बघणाऱ्या घरात असला सल्ला कोण पाळणार? पण धार मोठी लागतच नाही. तांब्याने मिनिटाला अर्धा लिटर सोडलं तरी 20 मिनिटांना 10 लिटर, म्हणजे अर्धी बादली. हात किंवा पाऊल बादलीत बुडवलं तरी चालतं, पाणी कोमट झालं की बदलायचं. उशीर झाला तरी 3 तासांच्या आत उपयोग होतो.

आता फोड. उष्णतेने रक्तवाहिन्या झिरपतात, तो द्रव कातडीच्या थरांमध्ये साचतो, तोच फोड. किती खोल भाजलंय यावर तो ठरतो, पण दिसतो उशिरा, म्हणून आळ पाण्यावर. बर्फ मात्र नको. दुखावलेल्या भागाचा रक्तपुरवठाच आकसतो. डिसेंबरात निफाडकडे टाकीतलं पाणीही गारठलेलं असतं, तेव्हा लहान मुलाचं बाकीचं अंग गोधडीत ठेवा, कुडकुडलं तर थांबा. बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढा. चिकटलेलं कापड ओढू नका, भोवतीने कापा.

लहानसा लाल चटका आठवडाभरात आपोआप बरा होतो आणि श्रेय हळदीला जातं. खोल भाजलं असेल तर लेपाखालची कातडी गुलाबी की पांढरी हे डॉक्टरांना दिसत नाही. लेप खरवडताना रुग्ण कळवळतो तो वेगळाच. टूथपेस्टचंही तेच. झाकायला धुतलेलं सुती कापड सैलसर टाकलं की झालं.

मूळ लेखात एक गोष्ट राहिलीच, आणि द्राक्षपट्ट्यात ती राहायला नको होती. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीच्या काड्यांना पेस्ट लावताना हायड्रोजन सायनामाइड (डोळे फुटावेत म्हणून लावतात ते औषध) अंगावर सांडलं, तर आधी कपडे उतरवा, मग भरपूर वाहतं पाणी. इथे बादलीत हात बुडवणं चुकीचं, औषध त्याच पाण्यात राहतं. लिंबूबिंबू चोळू नका. पुढचे काही दिवस दारूला स्पर्श नको, नाहीतर अंग लालबुंद होऊन धाप लागते. दवाखान्यात जाताना बाटलीचं लेबल सोबत न्या.

चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा गुप्तांग भाजलं, विजेचा धक्का बसला, किंवा भाजलेला भाग रुग्णाच्याच पाच-सहा तळहातांहून मोठा असला (एक तळहात बोटांसकट म्हणजे अंगाच्या कातडीचा सुमारे 1 टक्का), तर 108 लावा. फोन एकाने करायचा, पाणी दुसऱ्याने चालू ठेवायचं.