‘स्टँड बाय मी’ मूळचं बेन ई. किंगचंच

‘स्टँड बाय मी’ हे ‘बीटल्स’वाल्या जॉन लेननचं गाणं, अमेरिकन गायक बेन ई. किंगने ते नंतर गायलं, असा मेसेज फिरतोय. हे साफ चुकीचं आहे. ‘द ड्रिफ्टर्स’ हा गायकगट सोडून एकटा गाऊ लागलेल्या किंगचं हे गाणं १९६१ मध्ये आलं. लीबर-स्टोलर या गीतकार-संगीतकार जोडीसोबत ते लिहिण्यातही त्याचा वाटा होता. लेननचं गाणं आलं १९७५ मध्ये. सुरुवातीला बेस हे खर्जाचं तंतुवाद्य वाजतं आणि त्यावर किंगचा आवाज किती अलगद येतो, ते एकदा ऐकाच.

‘एकाच गाण्याचा गायक’ हेही त्याच्यावर अन्याय करणारं. ‘ड्रिफ्टर्स’च्या ‘देअर गोज माय बेबी’तला मुख्य आवाज त्याचाच, १९७५ मध्ये ‘सुपरनॅचरल थिंग’ही गाजलं. १९८६ मध्ये एका चित्रपटामुळे ‘स्टँड बाय मी’ अमेरिकेत पुन्हा पहिल्या दहांत आलं, तेव्हा किंग ४८ वर्षांचा होता.