वय नको, ब्रेक तपासा

पावसाळा लागला की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वाद हमखास पेटतात. पहिला गाडीचा: काकांच्या गाडीला पंधरा वर्षं झाली, आता ती भंगारात द्यायची की पुन्हा पासिंग करून वापरायची? दुसरा डोंगराचा: कुठल्यातरी धबधब्यावर कुणीतरी वाहून जातं, लगेच जिल्हाधिकाऱ्यांचे बंदी आदेश निघतात, आणि अर्धा ग्रुप म्हणतो ‘बरं झालं’, अर्धा म्हणतो ‘आम्ही आमच्या सह्याद्रीत जायचंच नाही का?’

मी अमेरिकेत, कोलोरॅडोत राहतो. २०२५ च्या उन्हाळ्यात आमची २००८ सालची सुबारू आउटबॅक घेऊन आम्ही इथून निघालो, वायोमिंगमधून ग्रँड टेटन आणि यलोस्टोन करत थेट मोंटानातल्या ग्लेशियर नॅशनल पार्कपर्यंत गेलो. वाटेत रेंज असेल तिथे ग्रुप वाचत होतो. मला तरी हे दोन वाद एकाच वादाची दोन तोंडं वाटतात.

आधी गाडीबद्दल. या गाडीवर आमच्या घरात सगळ्यांचा जीव आहे. बॉनेटचा रंग उन्हाने उडालाय, मागच्या काचेवर लेकीने बालवाडीत असताना चिकटवलेलं अस्वल अजून आहे, आणि मीटर दोन लाख मैलांच्या, म्हणजे सव्वातीन लाख किलोमीटरच्या पुढे गेलाय. टायमिंग बेल्ट, कूलंट, ब्रेक पॅड सगळं वेळच्या वेळी बदललेलं आहे. डेन्व्हरच्या परिसरात जुन्या गाडीला दर दोन वर्षांनी धुराची चाचणी द्यावी लागते. नापास झालात तर दुरुस्ती करून पुन्हा यायचं, तोवर रजिस्ट्रेशन पुढे सरकत नाही. पास झालात तर गाडी सतरा वर्षांची असो की सत्तावीस, कुणी अडवत नाही.

भारतात हा प्रश्न वयावर येऊन अडकलाय. दिल्लीत दहा वर्षांपुढच्या डिझेल आणि पंधरा वर्षांपुढच्या पेट्रोल गाड्या रस्त्यावरून काढायच्या, यावर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. २०२५ च्या जुलैत अशा गाड्यांना पंपावर इंधनच द्यायचं नाही असं फर्मान निघालं आणि लोकांच्या संतापापुढे काही दिवसांतच थांबवावं लागलं. महाराष्ट्रात अशी सरसकट बंदी नाही. आपल्याकडे पंधरा वर्षांनंतर पर्यावरण कर भरून, तपासणी करून घेऊन नोंदणी वाढवता येते. पण वारं त्याच दिशेचं आहे. मुंबईत पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का, हे बघायला राज्य सरकारने २०२५ च्या जानेवारीत समिती नेमली.

ग्रुपवर काका म्हणतात, माझी गाडी महिन्यातून चार वेळा बाहेर निघते, ठणठणीत आहे, मी ती का मोडू? चुलत बहिणीचं घर हमरस्त्याला लागून, तिच्या मुलाला दमा. ती म्हणते, तुमच्या हौसेचा धूर माझ्या पोराच्या छातीत जातो. दोघांचंही मला पटतं. जुन्या गाड्या सरासरीने जास्त धूर सोडतात हे खरंच आहे. बीएस-६ चे निकष २०२० च्या एप्रिलपासून लागू झाले, त्याआधीच्या गाडीकडून तितक्या स्वच्छ धुराची अपेक्षाच नव्हती. पण काकांच्या गाडीच्या मागच्या नळीतून नेमकं काय बाहेर पडतं, हे आजवर कुणी मनापासून तपासलेलंच नाही. पीयूसीचं प्रमाणपत्र कसं मिळतं ते आपण सगळेच जाणतो. त्या कागदावर सरकारचा विश्वास नाही, न्यायालयाचा नाही, नागरिकांचाही नाही. तपासणीवर भरवसा नसला की उरतो तो जन्मदाखला. वय बघायला यंत्र लागत नाही, माणूस लागत नाही, आणि त्यात कुणाला खाडाखोड करता येत नाही. जुन्या गाड्या भंगारात काढायच्या २०२१ च्या स्क्रॅपेज धोरणात यंत्रावर चालणाऱ्या स्वयंचलित तपासणी केंद्रांची तरतूद आहे. माझ्या मते सगळा जोर तिथे लागायला हवा.

या प्रवासाआधी गाडीची परीक्षा म्हणून आम्ही पाइक्स पीकला गेलो होतो. १४,११५ फुटांच्या त्या शिखरावर थेट रस्ता जातो. चढणं सोपं, कस लागतो तो उतरताना. अर्ध्या वाटेवर ग्लेन कोव्ह नावाच्या जागी खाली येणारी प्रत्येक गाडी थांबवतात. एक कर्मचारी हातातलं छोटं उपकरण पुढच्या चाकाकडे रोखून ब्रेकचं तापमान बघतो. आमच्या पुढे एक नवी कोरी, भलीमोठी एसयूव्ही होती. तिचे ब्रेक तापले होते, ती बाजूला लावून घेतली. गार होईपर्यंत थांबा म्हणाले. मी घाटात गाडी चालवायला वडिलांकडून शिकलो, ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर या नियमावर. त्यामुळे आम्ही वरपासून लो गिअरमध्येच होतो. कर्मचाऱ्याने आकडा बघितला आणि हात हलवून पुढे जायला सांगितलं. गाडी किती सालची, हे त्याने विचारलं नाही. आंबेनळी, वरंधा, कुंभार्ली अशा आपल्या घाटांत उतारावर न्यूट्रल टाकणारे लोक मी पाहिलेत, तेही नव्या गाडीत. घाटाच्या मध्यावर असा एक माणूस आणि एक उपकरण ठेवायला किती खर्च येईल?

आता डोंगराचा वाद. ग्लेशियरमध्ये ‘गोइंग टू द सन’ नावाचा रस्ता आहे. १९३२ मध्ये तो पूर्ण झाला, लांबी सुमारे ८० किलोमीटर. वर लोगन पास ही खिंड. खिंडीच्या पूर्वेला काही वर्षी ८० फुटांपर्यंत बर्फ साचतं, त्यामुळे अख्खा रस्ता खुला व्हायला जून संपतो, कधी जुलैचा मध्यही उजाडतो. बर्फ हटवायचं काम कुठवर आलं, हे पार्क वसंतापासून जाहीर करत असतं. डोंगरकड्याला चिकटलेल्या भागात २१ फुटांपेक्षा लांब गाडी नेता येत नाही. गर्दी आवरेना म्हणून २०२१ मध्ये गाडीचं आगाऊ आरक्षण आलं, शुल्क दोन डॉलर. २०२५ मध्ये पश्चिमेकडून आत जायला सकाळी ७ ते दुपारी ३ या वेळेत ते लागत होतं. आम्हाला मिळालं नाही. मग तीननंतर आत शिरलो. तिथे जुलैत साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे काहीच बिघडलं नाही. उलट खिंडीत गाडी लावायला जागा मिळाली. उतरताना वीपिंग वॉलपाशी कड्यावरून झिरपणारं पाणी उघड्या खिडकीतून आत आलं आणि लेक कोपरापर्यंत भिजली. मला ताम्हिणी आठवला.

हे सगळं मोजण्यावर चाललंय. किती गाड्या मावतील, रस्ता कधी उघडेल, किती लांबीचं वाहन वळेल. त्यामुळे ‘नाही’ म्हणतानाही ते ‘आत्ता नाही, तीननंतर या’ असं म्हणू शकले. आपल्याकडे लोणावळ्याच्या भुशी धरणाजवळ २०२४ च्या जूनअखेर एक कुटुंब वाहून गेलं. पुढच्याच वर्षी जूनमध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल माणसांच्या भाराने कोसळला. दोन्ही वेळा काळजात चर्र झालं. पाठोपाठ आदेश निघाले आणि बंदीच्या यादीत धबधबे, धरणं, किल्ले असं सगळं एका ओळीत बसलं. ज्या किल्ल्याची वाट सुरक्षित आहे तोही बंद, आणि जो पूल पडायला आला होता तो मात्र कोसळेपर्यंत चालू. त्या पुलावर एका वेळी किती माणसं सोडायची, हे सांगायला तिथे कुणी उभं असतं तर?

आपल्याला हे जमतच नाही, असं मी म्हणणार नाही, कारण कास आहे. पठार जागतिक वारशात गेल्यावर गर्दी उसळली, तेव्हा दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, ऑनलाइन बुकिंग आलं, आणि हे सगळं आसपासच्या गावांच्या समित्या सांभाळतात. शुल्क गोळा करणारी, शिट्टी वाजवून फुलांतून बाहेर काढणारी माणसं त्याच गावांतली. हे उदाहरण मी इथल्या मित्रांना अभिमानाने सांगतो.

आणि इथलं सगळंच उचलून तिकडे नेऊ नये, हेही तितक्याच ठामपणे सांगतो. ग्लेशियरचा पूर्वेकडचा भाग १८९५ पर्यंत ब्लॅकफीट या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या ताब्यात होता. उपासमारीने आणि दबावाने पिचलेल्या त्या लोकांनी तो सरकारला दिला, आणि १९१० मध्ये पार्क झालं. आज त्या देखण्या दऱ्यांत गाव नाही, शेत नाही, गुरं नाहीत. हरिश्चंद्रगडाला पाचनईतून वर जाताना महादेव कोळ्यांच्या घरात पिठलं-भाकरी मिळते, तिथली माणसं वाट दाखवतात, अडकलेल्याला खांद्यावर घेऊन खाली आणतात. डोंगर वाचवायचा म्हणजे माणसं हटवायची, हा विचार आपल्याकडे येता कामा नये. माधव गाडगीळ समितीने पश्चिम घाटाबद्दलच्या २०११ च्या अहवालात ग्रामसभांना निर्णयात घ्या असं सांगितलं होतं. तो अहवाल आपण भांडून बाजूला ठेवला.

दुसरी गोष्ट गाडीची. माझं माझ्या गाडीवर प्रेम आहे म्हणूनच हे सांगायला हवं: गाडी नसेल तर अमेरिकेतले हे डोंगर बहुतेकांसाठी नसल्यातच जमा. यलोस्टोनचा मुख्य रस्ता १४२ मैलांचा आहे आणि त्यावर पार्कची सार्वजनिक बस नाही. आई इथे राहायला येते तेव्हा तिला एकटीला कुठेही जाता येत नाही. महाराष्ट्रात ती सत्तरीतही एसटीने एकटी महाबळेश्वरला जाऊन येते. १९४८ पासून एसटीने वाडीवस्तीपर्यंत जे जाळं विणलं, ते इथल्या कुठल्याही पार्ककडे नाही. आपण मात्र घाट रुंद करायचे, गडाच्या पोटात पार्किंग करायचं, या मार्गाने निघालोय.

इथलं मोजणंही माणसांवर अवलंबून आहे, आणि माणसं कमी केली की ते ढासळतं. २०२५ च्या फेब्रुवारीत नॅशनल पार्क सर्व्हिसमधून सुमारे हजार जणांना एका फटक्यात काढलं गेलं. पुढे न्यायालयाने परत घ्यायला लावलं, पण धास्ती राहिली. एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. २००४ च्या कायद्यामुळे प्रवेशशुल्कातला साधारण ऐंशी टक्के पैसा त्याच पार्कात राहतो. माझं प्रवेशशुल्क कुठे गेलं ते रस्त्यावर दिसतं. आपल्या किल्ल्यांवरचा उपद्रव कर कुठे मुरतो, ते गावकऱ्याला विचारा.

सिंहगडावर २०२२ च्या मे महिन्यात खासगी गाड्या थांबवून ई-बस सुरू केल्या होत्या. चार्जिंगची सोय अपुरी, बसची संख्या अपुरी, रविवारी लांबलचक रांगा. काही आठवड्यांत प्रयोग गुंडाळला आणि गाड्या पुन्हा वर. यूटातल्या झायनमध्ये २००० साली अशीच शटल सुरू झाली, आणि हंगामात खासगी गाडी आजही मुख्य दरीत शिरू शकत नाही. तिथे गेलो तेव्हा आमची आउटबॅक खाली लावून आम्ही रांगेत उभे राहिलो, आणि पाठोपाठ बस येत असल्याने रांग सरकत राहिली. सिंहगडाला रविवारी सकाळी किती माणसं येतात, त्यांना किती बस लागतील, चढावर एका चार्जमध्ये किती फेऱ्या होतील, हे आकडे काढून तो प्रयोग पुन्हा करावा. या वेळी पहिल्या गर्दीच्या रविवारी माघार घेऊ नये.