उजवीकडं पाव इंच

माझं वजन ९६ किलो आहे. हे मी कुणाला सांगत नाही. बायकोलासुद्धा ८८ सांगितलंय. पण परवाच्या मंगळवारपासून कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका अख्ख्या गल्लीला ते माहीत झालंय, आणि याला कारण माझ्या पिकअपचा बंपर.

बंपर ही माझी हौस नव्हे, मेहुण्याची. राधानगरीकडून रात्री येताना त्याला गवा दिसला. दिसला म्हणजे कडेला उभा होता, काही केलं नाही बिचाऱ्यानं. पण मेहुण्यानं घरी येऊन तो असा रंगवला की सासूबाई माझ्याकडं बघून डोळे पुसायला लागल्या. ठिबकचे पाइप पोचवायला मी आठवड्यातून दोनदा त्याच रस्त्यानं जातो. तेव्हा जावई वाचला पाहिजे म्हणून गाडीला पुढं दणकट लोखंडी बंपर बसवायचा ठरला. पैसे अर्थातच जावयाचे. वाढलेला नर गवा हजार किलोपर्यंत भरतो. त्याला ७२ किलोचा बंपर लागला तर तो फार तर कुणी हाक मारली का म्हणून मागं वळून बघेल.

७२ हा आकडा खरा आहे. बसवायच्या आधी भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवून बघितला होता.

बंपर बसला आणि गाडीनं मान खाली घातली. पुढचे पाटे, म्हणजे गाडीचं वजन पेलणाऱ्या स्प्रिंगच्या वाकड्या पट्ट्या, सात वर्षांचे, आधीच दमलेले. ब्रेक मारला की गाडी वाकून नमस्कार करायची. हेडलाइटचा उजेड रस्त्याऐवजी स्वतःच्याच पायाशी. आणि गतिरोधक! आपल्याकडं गतिरोधक कुणाच्या दारात कधी उगवेल याचा नेम नाही. त्यावर पांढरा पट्टा मारणं म्हणजे शत्रूला आधी कळवणं, असा काहीतरी समज असावा. प्रत्येक गतिरोधकाला खालून 'धाड' असा आवाज यायचा आणि माझी कवळी नसतानाही हलायची.

शेवटी मिस्त्रीकडं गेलो. आमचा मिस्त्री फार बोलत नाही. टेप काढली, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत माप घेतलं, खडूनं फरशीवर लिहिलं आणि म्हणाला, "सव्वा इंच बसलीय. दोन्हीकडं एकेक पाटा वाढवू, जुन्यांना पुन्हा कमान देऊन आणू."

"सव्वा? मग इशारा पातळी वलांडली म्हणा की!"

हे आबा. धोतर, टोपी, एका जुन्या टायरवर बैठक. मी त्यांना मिस्त्रीचे वडील समजलो. मिस्त्री त्यांना माझ्याबरोबर आलेले समजला. त्यामुळं दोघांनीही त्यांना चहा पाजला, आणि हा घोळ दीड वाजता ते उठून गेल्यावर उघडकीला आला. शेजारी नातवाच्या मोपेडचं पंक्चर काढायला आले होते म्हणे. पंक्चर अकराला निघालं होतं.

कोल्हापूरकराला पातळीचं वेड असतं. जुलै महिन्यात इथं कोण कसं आहे विचारत नाही, पंचगंगा किती फुटांवर आहे विचारतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे बारक्या पोरालाही पाठ. आबांनी तीच दृष्टी माझ्या गाडीवर लावली.

"बंपर किलो किती?"

"७२."

"७२ न्हवं. ह्ये धरा." असं म्हणून त्यांनी पडलेला एक जुना ब्रेक ड्रम माझ्या हातात दिला. "छातीशी धरा. जमतंय? आता हात लांब करा. आणि लांब. आता सांगा वजन किती झालं?"

मला सांगता आलं नाही, कारण दात आवळलेले होते. शर्टावर ड्रमचा गोल काळा शिक्का उठला, तो अजून आहे. "तसंच हाय बगा," आबा म्हणाले, "बंपर चाकाच्या फुडं लोंबतोय. गाडी हात लांब करून उभी हाय."

चीड येते ती याची, की माणूस बरोबर बोलत होता. मिस्त्रीनं मुंडी हलवली. बंपर पुढच्या एक्सलच्या, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्याच्या, पुढं साधारण पाऊण मीटर, दोन एक्सलमधलं अंतर तीन मीटर. म्हणजे ७२ किलोचे पुढच्या चाकांवर ९० पडतात आणि मागचे १८ उचलले जातात. बंपर विकणाऱ्यानं यातलं चकार शब्दानं सांगितलं नव्हतं. त्यानं फक्त "लुक येतोय" असं सांगितलं होतं.

"मग पाटा कशाला? ठोकळा घाल की एक्सलवर, मिस्त्री. मागं घालत्यात तसा."

यावर मिस्त्री त्या दिवसातलं सर्वांत मोठं भाषण बोलला. "पुढं ठोकळा घालत नसतात आबा. ब्रेक मारला की एक्सल पिळतो. आणि ठोकळ्यानं उंची मिळते, ताकद नाही. गाडी उंच दिसेल आणि आदळायची तशीच आदळेल."

आबांनी हार मानल्यासारखी तपकीर ओढली. मी जरा सुखावलो. तिथंच चुकलो.

"बरं. मग ह्ये माप रिकाम्या गाडीचं कशाला घेतलंस गा? गाडी काय मालकाबिगर चालती व्हय?"

मिस्त्रीनं टेप परत काढली. मला आत बसवलं. उजवी बाजू आणखी अर्धा इंच खाली. "उतरा." उतरलो. वर आली, पण पूर्ण नाही. पाटे एकमेकांवर घासतात, अडकून बसतात. दाबून सोडल्याशिवाय खरं माप मिळत नाही. म्हणून पुन्हा बसा, पुन्हा उतरा, पायरीवर उभं राहून जरा दणका द्या. तीन वेळा. तोवर लेथवरचा माणूस मशीन बंद करून आला, चहाचा पोरगा किटलीसकट थांबला. आबा दर खेपेला पातळी पुकारत होते: "बसले... अर्धा इंच! उतरले... ओसरलं!"

"मालक, तुमचं किलो किती?"

"ऐंशी... पंच्याऐंशी असेल."

"शेजारी बिडाचा काटा हाय."

उद्यमनगर म्हणजे ओतकामाचा मुलूख, काटा हाकेच्या अंतरावर असणारच. मी जायला नको होतं. पण सात-आठ माणसं बघत असताना 'नाही' म्हणणं म्हणजे वजन कबूल करण्यासारखंच. ओतीव पंपांच्या बॉडी बाजूला सरकवून मला त्या काट्यावर उभं केलं. ९६ किलो ४००. मी म्हटलं, पायात बूट आहेत. आबा वाकून बघत म्हणाले, "चपला हायत."

मग गल्लीकडं तोंड करून त्यांनी निकाल दिला. "मिस्त्री, बंपर राहू दे. मालक काढ."

लेथवाला हसताना भिंतीला धरून होता. स्वतःचं पोट लेथच्या हँडलला टेकत होतं त्याचं. आबा म्हणे तरुणपणी खासबागेत कुस्त्या खेळलेले. कान मात्र दोन्ही शाबूत, पैलवानांचे मोडतात तसा एकही मोडलेला नाही. हे मला घरी आल्यावर सुचलं. मला सगळं घरीच सुचतं.

आता खरं सांगायचं तर हसण्यासारखं यात फार नाही. साडेआठ हजार गेले. बंपरचे वेगळेच. शिवाय असला बंपर बसवणंच बेकायदा. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं असल्या गार्डांवर कारवाई करा म्हणून राज्यांना कळवलंय. चालणाऱ्या माणसाला धडक बसली तर साधा बंपर थोडा तरी दबतो, हे लोखंड दबत नाही. हे मला कधी कळलं? दंडाची पावती हातात पडल्यावर. दुकानात तो बंपर भर रस्त्यावर साखळीला टांगलेला असतो, त्याला कुणी काही विचारत नाही. विकणारा मोकळा, बसवणारा मोकळा, लुक दाखवत फिरणारा तेवढा सापडतो. मेहुण्याला फोन केला तर म्हणाला, "दाजी, पण गवा आला असता तर?"

काढून टाकीन म्हणतो. पण काढला तर नव्या कडक पाट्यांवर गाडी नाक वर करून चालेल. म्हणजे पुन्हा मिस्त्री. तसंही पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट, म्हणजे पाटे एक्सलला आवळून धरणारे बोल्ट, आवळायला यायचंच आहे असं त्यानं बजावलंय. जाईन तेव्हा आधी टायरवर कोण बसलंय ते लांबून बघणार.

काम मात्र चोख झालं. धाड आवाज बंद, नमस्कार बंद, हेडलाइट पुन्हा लावून दिले. घरी येऊन बिल उघडलं. पाटे २ नग, यू-बोल्ट ४, बुश, मजुरी. सगळ्यात खाली मिस्त्रीच्या पोऱ्याच्या अक्षरात: 'उजवीकडं कमान पाव इंच जादा, मालकासाठी.'

त्यामुळं झालंय असं, की मी आत बसलो की गाडी सरळ. उतरलो की उजवा खांदा वर करून उभी राहते. काल सकाळी दुकानासमोर तशीच लावली होती आणि मी आत पाइप मोजत होतो. बाहेरून मोपेडचा आवाज आला, हळू झाला. नातवाच्या मागं बसलेला ओळखीचा आवाज म्हणाला,

"मालक गाडीत न्हाईत वाटतं."