बांध कोरायच्या आधी पोटातल्या भावकीची शिकवणी लावा

तुम्ही तासगाव, पलूस, वाळवा नाहीतर कवठेमहांकाळकडचे असाल आणि सातबाऱ्यावर अजून चुलत्याचं नाव तुमच्या नावाला चिकटून असेल तर हे खास तुमच्यासाठी. दरवर्षी नांगरटीला वीतभर बांध कोरायचा, त्यानं तो परत भरायचा, मग रात्री फोनवर एकमेकांच्या सात पिढ्या काढायच्या, मग मोजणीचा अर्ज, असं जुनंपुराणं किती दिवस चालवणार. भाऊबंदकी शिकायची तर जे माणूस जन्मायच्या आधीपासून ती करतायत त्यांच्याकडं शिका, आणि ते लांब कुठं नाहीत, सकाळी भडंग-चहा घेतला तो जिथं गेला तिथंच बसलेत. एका माणसाच्या अंगात अंदाजे 38 लाख कोटी जंतू, सगळ्यांचं मिळून वजन 200 ग्रॅमच्या आसपास, म्हणजे पाव किलोसुद्धा भरत नाही, आणि तेवढ्यात एवढी भांडणं की आपला अख्खा तालुका लाजंल.

पहिलं म्हणजे माणूस नीट निवडा. परक्याशी भांडण्यात उन्हाळा वाया घालवू नका. डार्विननं 1859 मध्येच लिहून ठेवलंय की सगळ्यात जीवघेणी चुरस एकाच जातीच्या जीवांत असते, कारण राहायची जागा तीच, खाणं तेच, धोके तेच. (तो प्राण्या-वनस्पतींच्या जातीबद्दल बोलत होता, तुम्ही लगेच दुसरीकडं जाऊ नका.) 2013 साली अमेरिकेत उंदरांवर प्रयोग झाला. ज्यांच्या पोटात एकही जंतू नाही असे उंदीर घेतले, त्यांच्यात बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस नावाचा आतड्यातला जंतू सोडला, मग मागनं त्याच प्रजातीचा दुसरा गडी पाठवला तर पहिल्यानं त्याला थाराच दिला नाही. पण आधी बसलेला वेगळ्या प्रजातीचा असला की हाच गडी आत येऊन आरामात बसतोय. पहिला आलेला आतड्याच्या भिंतीतल्या खोल खाचांत शिरून बसतो आणि ती खाच एकदा भरली की भावाला पाटी दाखवतो. आता हे तुम्हाला कुणी शिकवलं नव्हतं तरी तुम्ही करताच की. मोबाइल टॉवरवाल्याला रान भाड्यानं देता, दुसऱ्या जिल्ह्यातल्या मेंढरंवाल्याला बसायला वावर देता, आणि सख्ख्या चुलतभावाला पाइपलाइन न्यायची म्हटलं की पोटात दुखतंय.

चेहऱ्याची गोष्ट तर याहून भारी. मुरमांशी ज्याचं नाव जोडलंय तो जंतू, क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस, त्याची किती तरी घराणी एकाच तोंडावर नांदत असतात, पण एकेका छिद्रात बघाल तर जवळजवळ एकच घराणं. ते घराणं फार कर्तबगार म्हणून नव्हे हां. छिद्राचं तोंड अरुंद, आत कोण आधी घुसला एवढंच, मग त्याचीच पोरंबाळं भरतात. म्हणजे हायवेला लागून ज्याची वाटणी आली तो आज स्वतःला धोरणी म्हणवतो, तसंच.

आता मुख्य विषय, हत्यार. इथं नीट लक्ष द्या कारण निम्मे लोक इथंच चुकतात.

आपल्या आतड्यात ई. कोलाय म्हणून एक प्रसिद्ध मंडळी आहेत. 1925 साली बेल्जियममध्ये आंद्रे ग्रातिया नावाच्या माणसाला दिसलं की ई. कोलायचा एक वाण दुसऱ्या वाणाला मारायला काहीतरी विष सोडतोय. त्या विषाला पुढं कोलिसिन म्हणायला लागले. याची खुबी अशी की ते लांबच्या जंतूला सहसा काही करत नाही, मारतं ते आपल्यासारख्याच जवळच्याला, आणि वाणातल्या सगळ्यांकडं विषावरचा उतारा आधीच असतो म्हणून घरचे वाचतात. पण विष बाहेर काढायचं कसं? पेशीच्या भिंतीतून ते नीट बाहेर पडत नाही, म्हणून ज्यानं विष बनवलं तो स्वतःच फुटतो. फुटला की विष मोकळं, तो मेला, शेजारचा चुलतभाऊ मेला, आणि रिकाम्या झालेल्या जागेत उतारावाले बाकीचे घरातले जेवायला बसले. वाचताना कुणी आठवलं का? आमच्याकडं एकानं तीन गुंठ्यांसाठी अठरा वर्षं कोर्ट केलं, वकिलाच्या फीपायी रस्त्याकडचा एक एकर विकला, तीन गुंठे जिंकले आणि निकालाच्या पेढ्याचे पैसे उसने घेतले. विज्ञानाच्या भाषेत याला फुटणे म्हणतात, तुमच्या भाषेत स्वाभिमान.

पण बारीक फरक बघा. ई. कोलायमध्ये हे सगळे करत नाहीत, वाणातले थोडेच फुटतात, तेही डीएनएला इजा झाली, उपाशी राहायची वेळ आली अशा अडचणीच्या टायमाला, बाकीचे गुपचूप जगतात. तुम्ही असला भेकडपणा करू नका. तुमच्या घरातले सगळेच फुटा, पोरं पण, सुना पण, दिवाळीत आलेली जावई मंडळी पण.

फुटायचं नसेल तर भाला आहे. बॅक्टेरॉइड्सवाल्यांकडं एक दाबलेल्या स्प्रिंगसारखं यंत्र असतं, शेजाऱ्याला अंग लागलं की सुई घुसवायची आणि विष आत सोडायचं. फक्त अंगाला अंग लागलेल्यालाच, लांबचा सुटतो. आणि गंमत म्हणजे मार खाणारेही हुशार, ज्या विषानं मरायची भीती त्याच्या उताऱ्याची जनुकं इकडून तिकडून गोळा करून ठेवतात, स्वतःकडं तो भाला नसला तरी. आपल्यात याला ओळखीतला तलाठी असणं म्हणतात.

सामाईक विहिरीचंही शिकून घ्या. जंतूंना लोह लागतं आणि शरीर ते सहजी देत नाही, म्हणून काही जण लोह ओढून आणणारे रेणू बनवून बाहेर सोडतात. बनवायला खर्च येतो. मग शेजारी काही महाभाग असे असतात की स्वतः काही बनवत नाहीत, दुसऱ्यानं सोडलेल्या रेणूवर आलेलं लोह पळवतात. तेव्हा मोटारीचं बिल तुम्ही भरताय आणि पहाटे तीनला त्याच्या उसात पाणी चाललंय म्हणून एवढं तोंड काळं करून बसू नका, हे शास्त्रसंमत आहे.

आता एवढं सगळं असून ही मंडळी एकमेकांना संपवून टाकत कशी नाहीत? 2002 साली एक सुंदर प्रयोग झाला. ई. कोलायचे तीन वाण, एक विष बनवणारा, एक विषानं मरणारा पण भराभर वाढणारा, एक विष न बनवता फक्त टिकणारा. विषवाला मरणाऱ्याला मारतो, टिकणारा विषवाल्यापेक्षा जोरात वाढतो, मरणारा टिकणाऱ्यापेक्षा जोरात. पोरांच्या दगड-कागद-कात्रीसारखं. ताटलीत सपाट पसरून ठेवले, जो तो आपल्या शेजाऱ्यापुरता, तर तिन्ही नांदले. तेच बाटलीत घालून हलवत ठेवले तर दोन संपले, टिकणारा एकटा उरला. म्हणून सांगतो, लांब लांब घरं बांधायचा वेडेपणा करू नका, ताबडतोब सगळ्या भावकीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा आणि रोज हलवत रहा. कोण टिकणार ते ठरलेलंच आहे, जो एकही मेसेज टाकत नाही पण सगळे वाचतो तो.

आणि कधी वाटलंच की दोघं बरोबरीत अडकलोय, तर बाहेरून साखर टाकणारा बोलवा. दातावर स्ट्रेप्टोकॉकस घराण्यातले दोघं असतात, सँग्विनिस आणि म्युटन्स. सँग्विनिस हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून म्युटन्सला दाबून ठेवतो, म्युटन्स उलट त्याला आपलं विष मारतो, चाललेलं असतं. पण तुम्ही गोड खात राहिला की आम्ल वाढतं, म्युटन्सला ते सोसतं, सँग्विनिसला नाही, मग तोल गेला, दात किडला. आपला जिल्हाच कारखान्यांचा, साखर टाकणाऱ्यांना काय तोटा, निवडणुकीआधी तर स्वतःहून घरी येतात.

माझा स्वतःचा दावा चालू आहे, चुलतभावाशी, साडेतीन गुंठे, पुढची तारीख दसऱ्यानंतर. आण्णा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, दहावीपर्यंत आम्ही एकाच ताटात जेवलो. एका घरात राहणाऱ्यांच्या आतड्यातले वाण एकमेकांत जातात आणि तोंडातले तर त्याहून जास्त, आणि पोटात एकदा बसलेले बरेचसे वर्षानुवर्षं हलत नाहीत. म्हणजे आजही कोर्टाच्या व्हरांड्यात दोन बाकांवर तोंड फिरवून आम्ही बसतो तेव्हा दोघांच्या पोटात एखादं घराणं अजून तेच असेल. परवा त्याला जुलाब लागले म्हणून वहिनीचा फोन आला, दह्याला विरजण आहे का म्हणून. दिलं. वकिलाला सांगितलेलं नाही.