उकार मोजायचा की नाही

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावातल्या डिझाइन रिव्ह्यू बोर्डासमोर एक पेच उभा राहिला. देवनागरी अक्षराची उंची नेमकी कुठून कुठपर्यंत मोजायची?

गाव अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधलं, लहानसं. बायकोनं मेन स्ट्रीटवर कपडे अल्टर करून देण्याचं दुकान काढलं. पाटीवर वर देवनागरीत ‘सुई-दोरा’ आणि खाली इंग्रजीत काम काय ते, एवढंच तिला हवं होतं. पण इथे डाउनटाउनमध्ये पाटी लावायची म्हणजे आधी नकाशा, रंगाचा नमुना आणि दिव्याचा कागद घेऊन बोर्डापुढे उभं राहावं लागतं. दुकानाचं तोंड अठरा फूट, म्हणून पाटी जास्तीत जास्त अठरा चौरस फूट. अक्षर बारा इंचांहून उंच नको. आतून पेटणारा प्लॅस्टिकचा डबा चालणार नाही. उजेड बाहेरून, वरून खाली पडणारा हवा, आणि दुकान बंद झाल्यावर तासाभरात तो विझला पाहिजे.

बोर्डावर पाच जण, सगळे बिनपगारी: एक निवृत्त आर्किटेक्ट, एक फुलवाली, बाकीचे असेच. आमच्या पाटीत शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत दहा इंच होते. वर ‘ई’चा आकडा आणि ‘दो’ची मात्रा यांचे दोन, खाली ‘सु’च्या उकाराचे दोन. एकूण चौदा. आर्किटेक्टनं चष्मा कपाळावर चढवून ड्रॉइंगवर पट्टी ठेवली आणि विचारलं, हे शेपूट अक्षरात धरायचं का? मी मराठी व्याकरण समजावायला तोंड उघडणार, तेवढ्यात फुलवाली म्हणाली की आपल्या स्मॉल ‘जी’ आणि ‘वाय’च्या शेपट्या ओळीखाली लोंबतात, त्या आपण कधी मोजत नाही, मग हीच का मोजायची? उकार सुटला. दहा अधिक दोन, बरोब्बर बारा इंच. मंजूर.

या सगळ्यात एका गोष्टीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. पाटीवर काय लिहिलंय? काय अर्थ होतो? इंग्रजी वर का नाही?

हा निव्वळ सभ्यपणा नाही, कायदाही तसाच आहे. अ‍ॅरिझोनातल्या गिल्बर्ट गावानं एका चर्चच्या दिशादर्शक पाट्यांना इतर पाट्यांपेक्षा कडक नियम लावले होते. 2015 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं ते नियम उडवले. पाटीवरचा मजकूर बघून नियम बदलायचा तर सरकारला त्याचं फार भक्कम कारण द्यावं लागतं. त्याच्याही आधी, 1989 मध्ये, कॅलिफोर्नियातल्या पोमोना शहराचा एक नियम फेडरल कोर्टात पडला होता. परकी लिपी वापरणाऱ्या दुकानदारानं निम्मी पाटी तरी इंग्रजी अक्षरांत ठेवावी, असा तो नियम होता. आशियाई व्यापारी त्याविरुद्ध कोर्टात गेले आणि जिंकले. आमचा ‘सुई-दोरा’ आज निवांत लटकतोय तो त्यांच्या जिवावर.

हे मी पुण्यातल्या आतेभावाला फोनवर सांगितलं. त्याचं स्टेशनरीचं दुकान आहे. तो हसला. म्हणाला, “अरे दादा, तुमच्याकडे अक्षराची शेपटी मोजतात, आमच्याकडे अक्षर कुणाचं ते बघतात.”

तो म्हणतो ते खरंच आहे. महाराष्ट्रात पाटीचा वाद म्हणजे भाषेचा वाद. 2022 ची दुरुस्ती येईपर्यंत दहापेक्षा कमी कामगार असलेली दुकानं मराठी पाटीच्या नियमातून सुटत होती. दुरुस्तीनं ती पळवाट बुजवली: मराठी आधी, आणि तिची अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नकोत. व्यापारी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. सप्टेंबर 2023 मध्ये कोर्टानं दोन महिन्यांत पाट्या बदला म्हणून सांगितलं. आतेभावाची पाटी आधीपासूनच मराठीत होती, त्याला नुसती मजा बघायची होती.

या नियमाच्या बाजूचा मी आहे, आधीच सांगून टाकतो. पोमोनात जो नियम मला जाचक वाटतो तो मुंबईत योग्य कसा वाटतो, असं कुणी विचारलं तर उत्तर देताना मी थोडा चाचरतो, पण देतो. पोमोनात इंग्रजी धोक्यात नव्हती. मुंबईच्या दुकानांच्या रांगेतून मराठी खरोखरच पुसली जात होती. मात्र त्याच उत्साहात अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली असलेली उर्दू काढा म्हणून कोर्टकज्जा झाला, तेव्हा मला लाज वाटली. एप्रिल 2025 मध्ये सुप्रीम कोर्टानं ती उर्दू राहू दिली. मराठी वर होतीच, तिचं काय बिघडत होतं?

माझी तक्रार वेगळी आहे. पाटी म्हटली की आपण मजकूर वाचतो आणि थांबतो. त्यात पुणेकर तर मजकुराचे बादशहाच. ती पाटी केवढी आहे, कशावर टांगलीये, रात्री कुणाच्या खिडकीत उजेड मारते, हे आपल्या वादात येतच नाही. मागच्या खेपेला फर्ग्युसन रस्त्यावर रात्री चालताना एक शोरूम दिसलं. वर मराठी नाव, नियमाप्रमाणे इंग्रजीएवढ्याच उंचीचं, पण पांढऱ्या पत्र्यावर फिकट राखाडी विनाईल, आणि दिवा नाही. खाली तेच नाव इंग्रजीत, अ‍ॅक्रिलिकची आतून पेटलेली अक्षरं, रस्त्याच्या पलीकडून वाचता येतील अशी. दिवसा मोजपट्टी लावणारा अधिकारी खूश होऊन गेला असेल. अंधार पडला की मराठी गायब.

मजकुराच्या नादात मापाचं भान सुटतं तेव्हा काय होतं, ते घाटकोपरला दिसलं. 13 मे 2024 च्या वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 माणसं गेली. मुंबईत 40 बाय 40 फुटांची मर्यादा असताना ते 120 बाय 120 फुटांचं होतं. जागा रेल्वे पोलिसांची, परवानगी त्यांची. महापालिका म्हणाली आमची परवानगीच नव्हती. म्हणजे नऊपट मोठी पाटी भर रस्त्यावर उभी राहिली, लाखो लोकांनी रोज पाहिली, आणि ती कुणाची जबाबदारी हे मेलेल्यांची संख्या मोजताना ठरवायला घेतलं. त्याआधी 2018 मध्ये पुण्यात जुन्या बाजाराजवळ रेल्वेच्या जागेतलं होर्डिंग पडून चौघं गेले होते, 2023 मध्ये किवळ्याला पाच.

उजेडाचंही तसंच. 2015 मध्ये मरीन ड्राइव्हचे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी लावले. क्वीन्स नेकलेसचं सोनं गेलं म्हणून ओरड झाली, ती रास्तच होती. पण बघता बघता पांढरा कुणाचा आणि पिवळा कुणाचा अशी पक्षांची वाटणी झाली. आमच्या इलेक्ट्रिशियननं चुकून 4000 केल्विनचा बल्ब लावला, तेव्हा इन्स्पेक्टरनं खोक्यावरचा आकडा वाचला, म्हणाला “3000च्या आत आणा”, आणि गेला. आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड निळसर आणि डोळ्यांत खुपणारा. एवढं कळायला कुठल्या पक्षाचं सभासद व्हावं लागत नाही.

आता इथलं सगळं गोमटं आहे असं मात्र नाही. त्या पाटीला आम्हाला दोन महिने लागले. पहिल्या सभेतून परत पाठवलं, कारण आम्ही सांगितलेला पांढरा रंग ‘गावाच्या कॅरॅक्टरला’ शोभत नव्हता. क्रीम चालेल म्हणे. कॅरॅक्टर म्हणजे काय, ते नियमात लिहिलेलं नाही. ते त्या पाच जणांच्या डोक्यात असतं, आणि गावात चाळीस वर्षं राहिलेल्याला ते आपोआप कळतं. आम्हाला कळत नाही. इंचांशी मला भांडायचं नाही, इंच सगळ्यांना सारखे. ‘शोभत नाही’ या शब्दाशी माझं भांडण आहे, कारण त्याच्याआड बरंच काही लपवता येतं. उलट बाजूला हेही खरं की अ‍ॅरिझोनातल्या सेडोनानं 1993 मध्ये मॅकडोनाल्ड्सला पिवळ्या कमानी सोडून फिरोजी लावायला लावल्या, कारण पिवळा तिथल्या तांबड्या डोंगरांपुढे किंचाळला असता. तोंडातला घास अडावा एवढी मोठी कंपनीही ऐकते, जर आधी सांगितलं तर.

‘आधी’ या शब्दासाठी मी हे लिहायला बसलो. आतेभावाच्या भाषेत, “आमच्याकडे पाटी आधी लावतात, मग परवानगीचं बघतात.” इथे पाटी कागदावर असतानाच शेजारीपाजारी ती बघतात, उघड्या सभेत, आणि कुणालाही उठून बोलता येतं. यात परदेशी असं काही नाही. मुंबईत हेरिटेजचे नियम 1995 पासून आहेत, आणि फोर्टातल्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर इमारतींच्या कमानी झाकणाऱ्या पाट्या उतरवून त्या कमानींच्या आत बसवण्याचं काम आपल्याच लोकांनी, तिथल्याच दुकानदारांना पटवून केलं. नागपूरजवळच्या पेंचला जानेवारी 2024 मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेलं रान, म्हणून मान्यता मिळाली, तीही आसपासच्या गावांतले दिवे खाली वळवून. जमत नाही असं नाही. एका रस्त्यापुरतं आणि एका जंगलापुरतं जमलंय.

हे सगळं मी आतेभावाला ऐकवलं. त्यानं “हं, हं” केलं आणि दुसऱ्या दिवशी एक फोटो पाठवला. त्याच्या दुकानासमोर विजेच्या दोन खांबांना रातोरात बांधलेला फ्लेक्स. बारा-पंधरा फूट लांब, मध्ये गॉगल घातलेले कुणी भाऊ, कडेनं टपाल तिकिटांएवढे तीसेक कार्यकर्ते, खाली रात्रभर जळणारे दोन फोकस. त्यामागे त्याची कायदेशीर, मराठी, योग्य मापाची पाटी. तिच्यातला फक्त शेवटचा ‘र्स’ दिसत होता.

फोटोखाली त्यानं लिहिलं होतं: “वॉर्ड ऑफिसला जाऊन आलो. साहेब म्हणाले, फ्लेक्स मराठीतच आहे ना?”