केस पेपरवरची ‘ईडी’ आणि फिरत असलेला तो मेसेज

गेल्या पंधरवड्यात एकच मेसेज मला चौघांनी दाखवला. मेडिकलच्या काउंटरवर, बाकीची गिऱ्हाइकं गेल्यावर, आवाज खाली आणून. त्यातलं म्हणणं असं: डॉक्टरांनी केस पेपरवर ‘ईडी’ लिहिलं की तो नपुंसकत्वाचा शिक्का, असा माणूस बाप होऊ शकत नाही. हा शब्द कंपन्यांनी गोळ्या खपवायला काढला. त्रास सगळा मनाचा असतो. आणि गोळी घ्यायचीच तर कुठूनही घ्या, काही होत नाही.

(धाड पडल्याचे विनोद करून झाले असतील तर पुढे वाचा. काही मोठ्या हॉस्पिटलांत इमर्जन्सी डिपार्टमेंटलाही ‘ईडी’च म्हणतात. कागदावर कुठली ईडी आहे, ते आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं.)

आधी शिक्क्याचं बघू. ईडी म्हणजे इरेक्टाइल डिसफंक्शन. संबंधाला पुरेल इतका ताठरपणा येत नाही, किंवा येऊन टिकत नाही, आणि हे वारंवार होतं. दमूनभागून आल्यावर किंवा दारू जास्त झाल्यावर एखाद्या रात्री जमलं नाही, तर त्याला कुणी ईडी लिहीत नाही. इच्छाच न होणं वेगळं, शीघ्रपतन वेगळं, वीर्यात शुक्राणू नसणं तर फारच वेगळं. ईडीवाल्याचा शुक्राणूंचा रिपोर्ट चोख येऊ शकतो आणि ताठरपणाची काडीची तक्रार नसलेल्याचा शून्य. आपण मात्र हे सगळं ‘नपुंसक’ या एकाच गाठोड्यात बांधतो, वर त्याचीच शिवी करतो.

इंग्रजीतल्या ‘इम्पोटन्स’चीही हीच गत होती. म्हणून डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेने भरवलेल्या परिषदेत डॉक्टरांनी तो शब्द सोडून इरेक्टाइल डिसफंक्शन म्हणावं असं ठरवलं. व्हायग्राला तिथे मंजुरी मिळाली मार्च १९९८ मध्ये. गोळी खपवायला शब्द काढला म्हणावं, तर तो गोळीच्या सव्वापाच वर्षं आधीच आला होता. तरी इथे मेसेजवाल्याच्या पदरात थोडं टाकायला हवं. ही दोन अक्षरं घरोघरी पोचवली ती जाहिरातींनीच. १९९६ ची राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरलेले बॉब डोल, प्रोस्टेट कॅन्सरचं ऑपरेशन झालेले, टीव्हीवर या त्रासाबद्दल बोलले. जाहिरात व्हायग्रावाल्या फायझरची. धंदा होताच. पण पंचाहत्तरीचा पुढारी हे चारचौघांत बोलू शकला, तेही मला कमी वाटत नाही.

‘सगळं मनाचं’ हे अर्धं खरं. नवीन लग्न, धास्ती, नैराश्य, यांतून होतं. चाळिशीनंतर मात्र आधी शुगर, बीपी, तंबाखू आणि चालू असलेली औषधं बघायची. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चारच्या. चरबीचा थर धरायला लागला की बारीक नळी आधी कुरकुरते. कित्येकांना छातीत दुखण्याच्या काही वर्षं आधी हाच त्रास सुरू झालेला असतो. डॉक्टर ‘ईडी’ लिहून खाली शुगर, लिपिड, ईसीजी लिहितात ते त्यासाठी. पेशंटला वाटतं, बिल वाढवतायत.

राहिला ‘काही होत नाही’चा प्रश्न. त्या चौघांपैकी एक काका पंचावन्नच्या पुढचे. चिठ्ठी नाही, मेसेजच दाखवून गोळी मागत होते. पैसे काढायला शर्टाच्या खिशात हात घातला आणि नोटांबरोबर सॉर्बिट्रेटची, म्हणजे छातीत दुखल्यावर घ्यायच्या गोळीची, पट्टी काउंटरवर पडली. सॉर्बिट्रेट आणि व्हायग्राच्या जातीची गोळी, दोन्ही रक्तवाहिन्या सैल करतात. एकत्र आल्या तर बीपी इतकं खाली जातं की माणूस जाऊ शकतो.

‘‘ती मी रोज नाही घेत, छातीत दुखलं तरच,’’ काका म्हणाले.

‘‘काका, आणि ही घेतलेल्या रात्रीच दुखलं तर?’’

ते गप्प झाले. मग म्हणाले, ‘‘हार्टच्या डॉक्टरांना विचारलं असतं. पण तिथे सून बरोबर असते. तिच्यासमोर सांगू कसं?’’

मी एका जुन्या बिलाच्या पाठीमागे पेनाने ‘ईडी’ एवढंच लिहिलं आणि ते त्यांच्या फाइलमध्ये सगळ्यात वर लावायला दिलं. काकांनी ते दोनदा वाचलं, घडी केली आणि सॉर्बिट्रेटच्याच खिशात ठेवलं.