‘आईचं मशीन बावीस वर्षं चाललं’: एका ताऱ्याच्या रिव्ह्यूला दुकानदाराचं उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा एक तारा पोचला. उत्तराला उशीर झाला, कारण गणपतीत दुकानात मान वर करायला सवड नव्हती. आणि खरं सांगू का, पहिल्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर ते उत्तर झालं नसतं, भांडण झालं असतं.

इतर वाचणाऱ्यांसाठी हकिकत थोडक्यात सांगतो. ताईंनी डिसेंबर २०२० मध्ये आमच्या मालवणच्या दुकानातून फ्रंट लोड, म्हणजे पुढून कपडे घालायचं वॉशिंग मशीन घेतलं आणि आईंचं १९९८ सालचं सेमी-ऑटोमॅटिक (आम्ही नुसतं ‘सेमी’ म्हणतो) एक्सचेंजमध्ये दिलं. त्याचे आम्ही हजार रुपये धरले. नवीन मशीन यंदा चतुर्थीच्या दोन दिवस आधी बंद पडलं, घरात अकरा चाकरमानी. आमच्या दुकानातला मुलगा गेला, मोबाइलवर एरर कोड बघितला, ‘कार्ड (म्हणजे मशीन चालवणारं सर्किट बोर्ड) गेलंय, ८,४०० होतील’ म्हणाला आणि व्हिजिटचे ३५० घेऊन परत आला. ताईंचं म्हणणं असं, की जुनं बावीस वर्षं चाललं, हे पाच वर्षांत मेलं. कंपन्या मुद्दाम अशी मशीनं बनवतात, दुकानदार त्यांना सामील असतात, आणि वर यांनी आमचं चांगलं मशीन हजारात लाटलं.

आधी ते ३५०. मागचं झाकण न उघडता व्हिजिटचे पैसे घ्यायचे नसतात, हे मी त्या मुलाला शिकवलं नाही, ही चूक माझी. पैसे मागच्या रविवारी आईंच्या हातात परत दिले आहेत.

त्या दिवशी मी स्वतः तुमच्या घरी गेलो होतो, तुम्ही मुंबईला निघून गेला होतात. आईंनी चहा टाकला आणि समोर खुर्ची घेऊन बसल्या, मी काय काय काढतो ते बघायला. कार्ड बाहेर काढलं. हल्ली ही कार्डं ओल लागू नये म्हणून जेलीसारख्या रसायनात बुडवून घट्ट केलेली असतात. तारा जिथे खोचतात ती जागा मात्र उघडी राहते. तिथे दोन पिनांमध्ये एक पाल चिकटून, वाळून कोळसा झाली होती. बाजूचं प्लॅस्टिक काळं पडलेलं. आई म्हणाल्या, ‘एका पालीन साडेआठ हजार खाल्ल्यान?’

हो, खाल्लेन. आणि माझ्या मते तुमच्या रागाचं मूळ इथेच आहे. आईंच्या सेमीत पाली नव्हत्या असं समजू नका. एकदा बेल्ट बदलताना मोटरच्या मागून मीच पालीची तीन अंडी काढली होती. मशीनला त्याचं काही नव्हतं, कारण पालीने मरावं असं त्यात काही नव्हतंच. दोन मोटरी, एक बेल्ट, दोन कॅपॅसिटर, दोन टायमर. टायमर म्हणजे चावीचं घड्याळच, स्प्रिंग आणि दातेरी चाकं. चाक फिरेल तसे पत्र्याचे कॉन्टॅक्ट जुळतात, सुटतात, की टबातला पंखा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे. ड्रायरचा डबा तर थेट मोटरच्या दांड्यावर बसवलेला.

आता दुसरी बाजू. वडिलांच्या वेळेपासून दुकानात गावागणिक वही आहे, त्यात आईंच्या मशीनचं पान काढलं. बेल्ट तीन वेळा. कॅपॅसिटर दोनदा. ड्रायरखालचं रबर चार वेळा. वॉशचा टायमर एकदा. २०११ मध्ये ड्रायरची मोटर जळली, ती रिवाइंड करून, म्हणजे आतली तार नव्याने गुंडाळून बसवली. शिवाय खालचा पत्रा खाऱ्या हवेने पापडासारखा झाला, तेव्हा अँगलचा स्टँड करून दिला. म्हणजे बावीस वर्षांत बारा वेळा आमचा माणूस तुमच्या पडवीत बसून गेला. मशीन बिघडत होतंच, ताई. फक्त दर वेळी दोन-पाचशेत पुन्हा चालू होत होतं, म्हणून कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

शिवाय वहीत १९९८ च्या आसपास विकलेल्या इतर सेमींची पानंही आहेत. कितीतरी सात-आठ वर्षांतच थांबली आहेत: टब तडकला, पत्रा गेला, भंगारात दिलं. त्या मशीनांची आठवण कुणी काढत नाही. जे एक तगलं त्याचं नाव घरोघरी निघतं.

कंपन्या मुद्दाम करतात का? सरसकट हो म्हणणार नाही. पण एका गोष्टीचा मलाही संताप येतो. बऱ्याच फ्रंट लोडमध्ये आता ड्रमच्या बाहेरचा टब स्क्रूने जोडत नाहीत, वितळवून चिकटवतात. आत बेअरिंगची सातशे-आठशेची जोडी गेली, की अख्खा टब मागवा. पूर्वी स्क्रू काढून आम्ही ते काम दुपारपर्यंत करून द्यायचो. कारखान्याचा वेळ वाचतो म्हणून असं करतात की अजून कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक. भुर्दंड गिऱ्हाइकाला आणि शिव्या आम्हाला. युरोपात २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग दहा वर्षं पुरवायचे, असा नियम लागू आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केलं, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती बघायला मिळते. मशीन घ्यायच्या आधी ती बघावी आणि दुकानदाराला तोंडावर विचारावं, ‘याचा टब उघडतो का?’ मला विचारलंत तरी चालेल. कुठल्या मॉडेलचा उघडत नाही ते मी सांगेन.

पण नवीन मशीन का घेतलं तेही आठवा. आईंची कंबर धरली होती. ओल्या चादरी टबातून उपसून ड्रायरमध्ये टाकायच्या, पुन्हा टबात, पुन्हा ड्रायरमध्ये, हे त्यांना होत नव्हतं. आणि मे महिन्यात विहीर तळाला गेली की सेमीला लागणारं पाणी परवडत नव्हतं. रविवारी त्याच म्हणाल्या, ‘आता सेमी फुकट दिलंस तरी नको.’

चूक म्हणाल तर माझी दुसरीकडेच झाली. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर किती दिवस लाइट नव्हती ते तुम्हाला माहीत आहे. लाइट आली ती उड्या मारत. त्या पंधरवड्यात आमच्याकडे जळलेल्या कार्डांचा ढीग लागला होता, त्यात तुमचंही एक होतं, ते वॉरंटीत बदलून मिळालं. तेव्हाच सांगायला हवं होतं की आपल्या कातळावर अर्थिंग नीट मिळत नाही, वायरमनकडून तपासून घ्या. लाइटचा अचानक येणारा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा. मशीनच्या तळाला बारीक जाळी मारा, खालून उंदीर-पाली शिरतात. कार्ड फुकट आलं म्हणून तुम्ही खूश, काम संपलं म्हणून मी खूश.

आता हजार रुपयांचं. तुमचं सेमी मी हजाराला धरलं, बेल्ट आणि रबर घालून सहाशे खर्च केले आणि २,८०० ला तारकर्लीच्या एका होमस्टेला विकलं. बाराशे सुटले. याला लाटणं म्हणायचं की धंदा, ते वाचणाऱ्यांनी ठरवावं, मी आकडे लपवत नाही.

तुमचं कार्ड मी सोबत आणलं आहे. कोल्हापूरला एक कारागीर ती जेली उकरून कार्ड दुरुस्त करतात. त्यांना फोटो पाठवले, २,६०० म्हणाले, तीन महिन्यांची गॅरंटी. नाही जमलं तर पैसे घेत नाहीत. तुम्ही हो म्हणालात तर पार्सल शनिवारच्या एसटीने जाईल. नवीनच हवं असेल तर ८,४०० मधलं माझं कमिशन सोडून देतो. यातलं काहीही निवडलंत तरी तळाची जाळी फुकट. तोवर आईंचे कपडे आमचा मुलगा दुकानातल्या डेमो मशीनवर धुऊन आणून देईल, हे त्यांना सांगितलं आहे. त्या नको म्हणाल्या, तरी तो जाणार आहे.

आणि हो, तारकर्लीला परवा ड्रायरचं रबर बदलायला गेलो होतो. मशीन चार चिऱ्यांवर ठेवलंय, पर्यटकांच्या चादरी धुतंय. टायमरच्या बटणाजवळ सहा मिनिटांवर आईंनी नेलपॉलिशचा लाल ठिपका केला होता ना, तो अजून तसाच आहे. तिथल्या वहिनींना तो कंपनीचाच वाटतो. त्या ठिपक्याच्या पुढे कधी फिरवत नाहीत.